पाटीवरचं शून्य

६ जानेवारी, मंगळवार

औषध कंपनीचा माणूस दरवर्षी मला डायरी देतो आणि दरवर्षी ती फ्रिजवर धूळ खात पडते. यंदा उघडली, कारण बोलायला कोणी उरलं नाही. उषाबाई होती तोवर दुपारचा डबा खाता खाता पोटातलं सगळं बोलून मोकळी होत होती मी. शनिवारी तिला घरी बसवलं.

उषाबाई बायकांच्या वॉर्डाची इन्चार्ज, मी पुरुषांच्या. या ट्रस्टच्या हॉस्पिटलात दोघी सोबतच लागलो. डिसेंबरात तिच्या वॉर्डातली एकोडीची एक म्हातारी बाथरूमात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आठवड्याभरात गेली. नातेवाइकांनी खिडकीच्या काचा फोडल्या, कोणीतरी व्हिडिओ टाकला, झालं. चौकशीत एकच प्रश्न, पेशंट पडली तेव्हा सिस्टर कुठे होती? सिस्टर दुसऱ्या पेशंटला रक्त चढवून राहिली होती. अख्ख्या वॉर्डाला ती एकटी होती. हे कोणाला ऐकायचंच नव्हतं.

आज मॅनेजर लिलाधर सरांनी सगळ्या इन्चार्जना केबिनमध्ये बोलावलं आणि प्रत्येकीच्या हातात एकेक पाटी दिली. काळी पाटी, वर पांढऱ्या रंगात लिहिलेलं, ‘या महिन्यात पडलेले रुग्ण’, आणि खाली खडूने आकडा लिहायला जागा. वॉर्डाच्या दारात लावायची. फेब्रुवारीत तपासणीची टीम येणार, मग दर्जाचं सर्टिफिकेट मिळणार. "मला शून्य पाहिजे," म्हणाले. मी म्हटलं, सर, एक बाई वाढवून द्या ना वॉर्डात. तर म्हणाले, "सिस्टर, ते पुढच्या वर्षी बघू. तुम्ही स्टाफचं मोटिव्हेशन वाढवा."

मोटिव्हेशन काय पेशंटला पॉट देते का? पण पाटी काखेत घेतली आणि उठली. उषाबाईची रिकामी खुर्ची समोरच होती.

९ जानेवारी, शुक्रवार

सापडलं! आपलं डोकं अजून चालते म्हणायचं.

आमचं संडास-बाथरूम वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे आणि तिथल्या फरशीवर बारा महिने पाणी. नळ गळते, मी अर्ज देऊन देऊन थकली. पेशंट पडतो तो तिथेच, नाही तर तिथे जाता येता. काल सात नंबरच्या कॉटवाल्याची चप्पल कोणीतरी पळवली. तो माणूस दिवसभर कॉटवरून उतरला नाही. का, तर त्या घाणीत अनवाणी पाय कोण टाकेल? खेड्यातला माणूस शेतात चिखलात उघड्या पायाने जाईल, पण संडासात नाही जाणार. पॉट मागून मागून गप पडून राहिला.

डोक्यात लख्ख उजेड पडला. आज सकाळी आमच्या चिंधूमामाला, म्हणजे वॉर्डातल्या मदतनिसाला सांगितलं, साठीच्या वरचे जेवढे असतील त्यांच्या चपला गोळा कर. चिकटपट्टीवर कॉटचा नंबर लिहून चपलेला लावायचा आणि घोंगड्यांच्या लोखंडी कपाटात ठेवायच्या. चावी माझ्या कमरेला. सुट्टी झाली की परत.

चिंधूमामा म्हणाला, "सिस्टर, हे त देवळाच्या बाहेरच्यासारखं झालं." मी म्हटलं, देवच समज त्यांना, पण एकाच्याही पायाला जमीन लागू देऊ नको.

आमची नवी सिस्टर तृप्ती, कंत्राटावरची पोरगी, तोंड वाकडं करून म्हणे, "मॅडम, कॉलेजात शिकवलं होतं, म्हाताऱ्या पेशंटला होईल तितकं लवकर उठवायचं, हाताला धरून चालवायचं." मी विचारलं, कॉलेजात शिकवताना तुझ्याकडे किती कॉट दिल्या होत्या? हाताला धरायला हात लागतो बाई. चपला काढून घ्यायला चिंधूमामा एकटा पुरतो.

१६ जानेवारी, शुक्रवार

शून्य. लिलाधर सर स्वतः पाहायला आले. कपाट उघडून दाखवलं तर खो खो हसले आणि दुसऱ्या वॉर्डांतल्या इन्चार्जना बोलावून दाखवलं. आता सगळे त्याला ‘भावना सिस्टरचा चप्पल पॅटर्न’ म्हणतात. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या नावाने काही ओळखलं जाण्याची ही पहिलीच वेळ. खोटं कशाला सांगू, छान वाटलं.

घरी प्रफुल्लला सांगितलं तर म्हणतो, "माह्याही चपला कपाटात टाकून दे, म्हंजे बाजारात जा लागणार नाही." या माणसाला नवरा म्हणून कोणी निवडला देव जाणे.

एक आहे, पॉटची मागणी फार वाढली. एक सिस्टर किती ठिकाणी धावेल? काही जणांचं कॉटवरच होऊन जाते. नातेवाइकांना डायपर आणायला सांगितलं. वॉर्ड मात्र कसा शांत झाला. आधी दिवसभर बाजार भरल्यासारखी ये-जा असायची, आता ज्याच्या त्याच्या कॉटवर जो तो.

२० जानेवारी, मंगळवार

अकरा नंबरला आज नवीन पेशंट आला. कारध्याचा इतवारी, नदीवरचा ढिवर. छातीत कफ, ताप, शुगरही आहे. पोरगा डोमा मोटारसायकलवर घेऊन आला. गेटपासून वॉर्डापर्यंत म्हातारा आपल्या पायाने चालत आला, मागून त्याची बायको बायाबाई गाठोडं घेऊन. ऑक्सिजन लावला तरी बडबड चालूच. "कवा सुट्टी देसान बाई? मासोळी आता वर येऊन राहिली. डोमाले जाळं फेकता येते, पन डोंगा सांभाळता येत नाही त्याले."

मी म्हटलं, बाबाजी, आता म्हाताऱ्याने होडी सोडून घरी बसून जाळी विणावी.

"बसून कसं होईन? डोंग्यात उभं राहा लागते. बसून फेकलेलं जाळं उघडतच नाही." आणि कॉटवरच्या कॉटवर बसल्या जागी हात फेकून दाखवला. ऑक्सिजनची नळी निघाली. मी ओरडली तेव्हा गप झाला.

त्याच्या चपला टायरच्या आहेत, दगडासारख्या जड. चिंधूमामाने दोन्ही हातांनी उचलून नेल्या. इतवारी पाहत राहिला. म्हणाला, "जेलात टाकता का जी?"

२३ जानेवारी, शुक्रवार

ताप उतरला आणि म्हाताऱ्याची किरकिर चढली. सकाळी राऊंड चालू असताना पाहते तर हा संडासाकडे चालला आहे, पायात बायाबाईच्या गुलाबी चपला! टाचा अर्ध्या बाहेर, एका हाताने भिंत, दुसऱ्या हाताने धोतर. अख्खा वॉर्ड हसून राहिला होता. मी मात्र धावली. तिथेच घसरला असता तर? पाटीवर एक आणि मी उषाबाईच्या शेजारी घरी.

दंडाला धरून आणला आणि कॉटवर बसवला. जरा जास्तच जोरात बोलली असेन. बायाबाई हात जोडून म्हणाली, "चालू द्या ना जी बाई त्याले. मी धरतो. बायकोच्या हातानं पॉट घ्याले लाजते तो, अन् पोरीच्या वयाच्या सिस्टरले कसा मागन?"

म्हटलं, तुम्ही स्वतः काडीएवढ्या. तो पडला तर तुमच्यासकट पडेल.

तेव्हापासून नातेवाइकांच्या चपलाही बाहेर. आणि डॉक्टरांना सांगून इतवारीला लघवीची नळी टाकून घेतली. उठायचं कारणच संपलं. नळी टाकताना त्याने तोंड भिंतीकडे केलं होतं. डोळ्याला पाणी होतं. दुखलं असेल.

३० जानेवारी, शुक्रवार

अकरा नंबरला पुन्हा ताप. डॉक्टर म्हणाले, लघवीत इन्फेक्शन. आता या म्हाताऱ्याला सुट्टी कधी द्यायची? सहा-सात दिवसांत जाणारा पेशंट लांबतच चालला. नशीब असते एकेकाचं.

आज तृप्तीवर भडकली. दुपारी डबा खाऊन येते तर पडदा ओढलेला, आणि पडद्याखाली चार पाय उभे. दोन तिचे, दोन इतवारीचे, अनवाणी. तिने त्याला कमरेला धरून उभं केलं होतं. म्हाताऱ्याचे गुडघे लटलट कापून राहिले होते आणि चेहरा असा खुश, जशी लॉटरी लागली. मला पाहून दोघंही गारठले. तो आपणहून मटकन कॉटवर बसला.

"मॅडम, आठ दिवसांत यांच्या पायाची पिंढरी बघा केवढीशी झाली," तृप्ती म्हणाली. "आले तेव्हा चालत आले होते."

मी म्हटलं, आले तेव्हा तापात होते, आता सुधारून राहिले. आणि तो तुझ्या हातातून निसटला तर नोकरी कोणाची जाईल, तुझी? तुझं कंत्राट संपलं की तू दुसरीकडे. मी कुठे जाऊ या वयात?

रडली पोरगी. रडू दे. मी हिच्या वयाची असताना उषाबाईने मला यापेक्षा जास्त रडवलं आहे. आणि हात धरून शिकवलंही आहे, ते खरं. पण तेव्हा वॉर्डात माणसं होती.

४ फेब्रुवारी, बुधवार

टीम येऊन गेली! तीन जण होते. सगळी पाहणी झाली, माझा वॉर्ड सगळ्यात शेवटी. चादरी ताणलेल्या, रेलिंग वर, नळ्या जागच्या जागी, प्रत्येक पेशंट आपापल्या कॉटवर उताणा. त्यांच्यातल्या मोठ्या मॅडम दारातच थांबल्या आणि पाटीकडे पाहून म्हणाल्या, "शून्य? कमाल आहे." लिलाधर सर माझ्याकडे बोट दाखवून राहिले होते.

मॅडम नेमक्या अकरा नंबरपाशीच थांबल्या. विचारलं, "काय आजोबा, इथे कधी पडलात का?"

इतवारी म्हणाला, "पडाले उभं त राहा लागते ना जी."

सगळे हसले. मॅडम हसल्या, सर हसले, सगळ्यात जास्त मी हसली. सुटल्यासारखं झालं. म्हातारा तोंडाचा मोठा बेरकी आहे. तृप्ती तेवढी हसली नाही. तिला विनोद कळतच नाही.

संध्याकाळी सरांनी सगळ्यांना समोसे दिले. एक समोसा चिंधूमामाने अकरा नंबरला नेऊन दिला. त्याने खाल्ला नाही म्हणे. आजकाल जेवतही नाही नीट, पाठीवर पुळीएवढी जखमही दिसून राहिली. कूस बदलायला सांगितलं आहे बायाबाईला.

९ फेब्रुवारी, सोमवार

अकरा नंबरला सुट्टी. छाती साफ, ताप नाही, शुगर आटोक्यात. कागदावर अगदी ठणठणीत.

नळी काढली, रेलिंग खाली केलं. मी म्हटलं, चला बाबाजी, उठा, आता कोणी रागावत नाही. इतवारीने दोन्ही पाय खाली सोडले. मग त्या पायांकडे पाहतच राहिला. डोमाने काखेत हात घालून उभं केलं तर गुडघे दुमडले. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. म्हातारा बायाबाईला म्हणाला, "डोंग्याचं पाहाजो." शेवटी डोमाने त्याला पाठकुळी घेतलं. केवढासा झाला होता. आला तेव्हा चांगला दांडगा दिसत होता, की मलाच तसं वाटलं होतं?

दारात बायाबाई थांबली. "बाई, तो चालन ना जी?"

म्हटलं, अशक्तपणा आहे. दूध, अंडी, मटणाचा रस्सा द्या. चालेल. तृप्ती तिला बाजूला घेऊन पायाचे कसलेसे व्यायाम दाखवून राहिली होती, पण दोन नंबरचं सलाईन संपलं होतं, मी हाक मारून बोलावून घेतलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सर्टिफिकेट मिळालं. लिलाधर सर म्हणाले, आठ मार्चला महिला दिनी तुमचा सत्कार.

उषाबाईला फोन केला. वाटलं, खुश होईल. "अभिनंदन," म्हणाली. मग, "तुझ्या वॉर्डात कोणी चालते का गं?" मी म्हटलं, म्हणजे काय? "काही नाही," म्हणाली, "माझी ती एकोडीची म्हातारी रोज सकाळी वॉर्डाला एक चक्कर मारायची. सगळ्या कॉटवाल्यांशी बोलायची. आठवली." आणि फोन ठेवला.

जळते. दुसरं काय! मी तिच्या जागी असती तर मीही जळली असती.

चिंधूमामाने कपाट साफ करायला काढलं. म्हणे, अकरा नंबरच्या टायरच्या चपला राहून गेल्या, कारध्याच्या बुढ्याच्या. न्यायला पायच नव्हते, कोणाला आठवणार? म्हटलं, ठेव परत, येतील घ्यायला. पूल ओलांडला की कारधा. मीच नेऊन देऊ शकते तशा. रविवारी बघू.

१ मार्च, रविवार

कारध्याला जाणं झालं नाही. पाहुणे आले होते.

वॉर्डात मात्र माझा माणूस आला आहे. माझ्या माहेरच्या कोंढा गावचा परसरामकाका, बाबांचा जिवलग दोस्त. दम्याने हैराण होऊन काल भरती झाला. चार नंबरची कॉट दिली. मला पाहून दोन्ही हात वर करून मोठ्याने "जयभीम, बेटा!" म्हणाला, सगळ्या वॉर्डाने वळून पाहिलं. शेजारच्या कॉटवाल्यांना सांगत सुटला, "ही आमच्या मोहल्ल्याची पोरगी. हिच्या बापानं हिले सायकलवर बसवून पवनीच्या शाळेत पोचवलं. पाहा, आज अख्खा वॉर्ड हिचा आहे." चपला मागितल्या तर स्वतःच काढून, झटकून चिंधूमामाच्या हातात दिल्या. "बेटीचा नियम म्हंजे नियम."

असा पेशंट मिळाला तर नोकरी किती सोपी होईल.

८ मार्च, रविवार

शाल, श्रीफळ, कुंडीतलं रोप आणि सर्टिफिकेटची फ्रेम. लिलाधर सरांनी भाषणात सांगितलं, "शुश्रूषा काय असते ते भावना सिस्टरकडून शिकावं." प्रफुल्लने पुढच्या रांगेत बसून शिट्टी मारली. लाज आणली, पण बरं वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर शाल घेऊन वॉर्डात गेली, परसरामकाकाला दाखवायला. त्याने शालीवरून हात फिरवला आणि डोळे पुसले. "तुझा बाप असता त आज गावभर पेढे वाटले असते." मी विचारलं, काका, काही त्रास? म्हणाला, "काहीच नाही बेटा. आता मी पानीच कमी पेतो. म्हंजे पॉटची झंझट नाही."

तृप्ती कार्यक्रमाला आली नाही. वॉर्ड सांभाळायला कोणीतरी लागते, असं म्हणाली. तेही खरंच.

९ मार्च, सोमवार

कुठून सुरुवात करू.

दुपारी बायाबाई आली. आधी ओळखलीच नाही मी. दारात, पाटीपाशी उभी होती, पायातल्या गुलाबी चपला हातात घेऊन. मी म्हटलं, घाला त्या, आत या. तर म्हणे, "तुमचा नियम हाय ना."

पाठीच्या जखमेचं औषध मागायला आली होती. कोणाच्या पाठीच्या? इतवारीच्या. ती पुळीएवढी जखम आता वाटीएवढी झाली आहे. घरी नेल्याच्या चौथ्या दिवशी डोमा नदीवर गेला होता आणि ती पाण्याला. म्हाताऱ्याला घरामागच्या वाड्यात लघवीला जायचं होतं. हाक मारली असेल, कोणी नव्हतं. उठला. उंबऱ्यातच पडला. खुब्याचं हाड. नागपूरला नेलं तर डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर, अंगावर जखम, ऑपरेशन सोसणार नाही. तेव्हापासून पडून आहे. डोमाने डोंगा अंगणात आणून उपडा घातला, तो त्याला खाटेवरून दिसतो.

मी म्हटलं, पण मी तुम्हाला सांगितलं होतं ना, एकट्याला सोडू नका म्हणून? सांगितलं होतं का मी? आठवत नाही. सांगितलं असेलच.

मग मी कपाट उघडलं आणि त्या टायरच्या चपला काढून तिच्यापुढे ठेवल्या. अकरा नंबरची चिकटपट्टी अजून तशीच. म्हटलं, या राहिल्या होत्या. घेऊन जा.

बायाबाईने हातही लावला नाही. रागाने बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. मला रागाची उत्तरं येतात. पण ती अगदी साधं बोलली, जसं पेशंटची तब्येत सांगतात तसं. "ठेवा तुमच्यापाशीच. आता कायले जी त्याले? तुमी सांगतलं होतं ना, उठू नोको म्हनून. आता नाही उठत. लय आयकते तुमचं."

औषध दिलं, पट्ट्या दिल्या, ड्रेसिंग कसं करायचं ते तृप्तीने दाखवलं. उद्या ड्युटी संपल्यावर घरी येऊन करून देते, असं तृप्ती तिला म्हणाली. मला विचारलंही नाही. बायाबाई दारापर्यंत अनवाणी गेली आणि बाहेर जाऊन चपला घातल्या.

तो घरी पडला. माझ्या वॉर्डात नाही पडला. हे खरं आहे. मी हे कोणाहीपुढे सांगू शकते. लिलाधर सरांपुढे, त्या टीमपुढे, चौकशीत. माझ्या वॉर्डात माझ्या हातून एकही माणूस पडला नाही. मग मला रडायला काहून आलं? औषधाच्या खोलीचं दार लावून तोंडात पदर कोंबून रडली मी. त्याचे ते कापणारे गुडघे पडद्याखाली मी पाहिले होते. तो खुश चेहरा पाहिला होता. मीच त्याला बसवलं. डोमाने पाठकुळी घेतला तेव्हाही मी पाहिलंच होतं आणि मटणाचा रस्सा सांगितला.

बाहेर येऊन चिंधूमामाला म्हटलं, सगळ्यांच्या चपला काढ. ज्याच्या त्याच्या कॉटखाली ठेव. तो पाहतच राहिला. "सगळ्यांच्या? सर काय म्हनतीन?" म्हटलं, सरांना सांग, कपाटाला वाळवी लागली. "लोखंडाच्या कपाटाले?" म्हटलं, हो, लोखंडाच्याच.

ठेवल्या त्याने. प्रत्येक कॉटखाली एकेक जोड, तोंड बाहेर करून. मी वॉर्डाच्या मध्ये उभी राहून मोठ्याने म्हटलं, ज्यांना चालायचं त्यांनी चाला रे बाबांनो, मी आहे, तृप्ती आहे, आम्ही हात धरतो.

कोणी उठलं नाही. चपलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सात नंबरवाल्याने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. दोन नंबरवाला हळूच विचारतो, "तपासनी हाय का जी आज?"

चार नंबरपाशी गेली. परसरामकाकाला म्हटलं, काका, तुम्ही तरी उठा. धरा माझा हात. दारापर्यंत जाऊन येऊ. त्याचा हात हातात घेतला तर नुसती कातडी. दहा दिवस झाले असतील त्याला येऊन. त्याने माझा हात दाबला आणि हसला, बाबा हसायचे तसा. मग दाराकडे, त्या पाटीकडे मान करून म्हणाला, "नाही बेटा. पडलो-बिडलो त तुझं शून्य जाईन."

मी ओढून पाहिलं. तो उठला नाही. माझी ड्युटी केव्हाची संपली होती, तरी तिथेच स्टूल घेऊन त्याचा हात धरून बसली.